‘वॅझम पोस्टफ्लॉप’: रिव्हरवर पैज की चेक, याचा हिशेब दाखवणारे मोफत साधन

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात टेबलावरचे पाचवे पान, म्हणजे रिव्हर, उघडले की पुढे नवे पान येणार नसते. आपला हात आता सुधारणार नाही आणि समोरच्याचाही नाही. त्यामुळे शेवटच्या फेरीत पैज लावायची की चेक करायचे, म्हणजे पैज न लावता डाव पुढे जाऊ द्यायचा, हा पूर्ण डावातला सर्वांत नेमका मांडता येणारा हिशेब आहे, आणि तरीही जुळे सोलापुरातल्या आमच्या शनिवारच्या बैठकीत सर्वाधिक वाद याच निर्णयावर होतात. आम्ही पैसे लावत नाही, केवळ गुणांसाठी खेळतो. पण वाद मात्र मनापासून घालतो. ते वाद आकड्यांवर आणणारे साधन म्हणून ‘वॅझम पोस्टफ्लॉप’ हा सॉल्व्हर, म्हणजे योग्य खेळी मोजून दाखवणारा प्रोग्राम, मला फार मोलाचा वाटतो.

तो ब्राउझरमध्ये चालतो, त्याला शुल्क नाही, त्याचा स्रोत सर्वांसाठी खुला आहे आणि सगळी आकडेमोड आपल्याच संगणकावर होते. दोन्ही खेळाडूंच्या हातांची रेंज (म्हणजे प्रत्येकाकडे असू शकणारे सगळे हात), टेबलावरची पाने, पॉट (मध्ये जमलेल्या पैजा), उरलेला स्टॅक (खेळाडूकडे शिल्लक असलेल्या चिप्स) आणि पैजेचे आकार भरायचे. मग कोणत्या हाताने किती वेळा पैज लावावी आणि किती वेळा चेक करावे, हे 169 चौकटींच्या तक्त्यावर रंगांनी दिसते. फ्लॉपपासूनचा, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पाने उघडल्यापासूनचा, डाव मांडला तर संगणकाची बरीच मेमरी खर्च होते आणि थांबावेही लागते, परंतु थेट रिव्हरपासून सुरुवात केली तर उत्तर जवळजवळ लगेच मिळते.

या साधनाचे खरे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. टेबलावर बदाम राजा, बदाम नव्वी, किलवर चौकी, इस्पिक दुर्री आणि चौकट सत्ती आहे. आपल्या हाती राजा-गुलाम आहे, समोरच्याने चेक केले आहे आणि शेवटचा निर्णय आपला आहे. समजा, त्याच्याकडे असू शकणाऱ्या 40 हातांपैकी 30 हात आपण हरवतो. इतका भक्कम हात असताना पैज लावलीच पाहिजे, असे आमच्या बैठकीतले बहुतेक जण म्हणतील. परंतु 100 च्या पॉटवर 50 ची पैज लावल्यावर आपल्यापेक्षा कमजोर असलेले 24 हात टाकून दिले जाणार असतील आणि कॉल करणाऱ्या, म्हणजे पैजेची बरोबरी करणाऱ्या, 16 हातांपैकी 10 आपल्याला हरवणारे असतील, तर त्या सोळा वेळांत आपण 6 वेळा 50 मिळवतो आणि 10 वेळा 50 गमावतो. टाकून दिलेले 24 हात तर आपण चेक करूनही जिंकलेच असतो. म्हणजे शंभरात पंचाहत्तर वेळा जिंकणारा हात असूनही येथे चेकच योग्य ठरते. आपण पुढे आहोत का, यापेक्षा कॉल करणाऱ्यांच्या तुलनेत आपण पुढे आहोत का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे; आणि सॉल्व्हरमध्ये हात बदलून, पैजेचा आकार कमी-जास्त करून तो प्रश्न पुन्हा पुन्हा तपासता येतो. आपल्याला आधी खेळायचे असेल तर हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण चेक केल्यावर समोरचा ब्लफ करू शकतो, म्हणजे कमजोर हातानेही पैज लावू शकतो, आणि त्याची ती पैज पकडण्याचा फायदाही मोजावा लागतो. अशा जागी हे साधन पॉटच्या चौथ्या हिश्श्याएवढी छोटी पैज वा चेक-रेझ (आधी चेक करून नंतर समोरच्याची पैज वाढवणे) यांचीही किंमत दाखवते.

ब्लफच्या बाबतीतही ते तितकेच बोलके आहे. अर्ध्या पॉटची ब्लफ-पैज तीनपैकी एकदा चालली, म्हणजे समोरच्याने हात टाकला, तरी तोटा होत नाही, पूर्ण पॉटची मात्र निम्म्या वेळा चालावी लागते. पण ब्लफ कोणत्या हाताने करावा? वरच्याच पानांवर न लागलेल्या फ्लशचे (एकाच चिन्हाची पाच पाने म्हणजे फ्लश) दोन बदाम हाती असणे बहुधा गैरसोयीचे ठरते, कारण ते बदाम आपल्याकडे असल्याने समोरच्याकडे तोच न लागलेला, टाकून देण्याजोगा हात असण्याची शक्यता घटते. बदाम नसलेले राणी-गुलाम त्यापेक्षा बरे. हे कारण एकदा ध्यानात आले की तक्त्यावरचे रंग पाठ करण्याची गरज उरत नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. साधन दोनच खेळाडूंचा डाव सोडवते आणि दोघेही अचूक खेळतील असे गृहीत धरते. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेनिमित्त बाहेरगावचे मित्र सोलापुरात येतात आणि आमची बैठक मोठी होते, तेव्हा तर कॉल करण्याचा उत्साह इतका असतो की सॉल्व्हरने सुचवलेले ब्लफ जसेच्या तसे करणे योग्य नाही. तेथे ब्लफ कमी करावेत आणि थोडे कमजोर हातही मूल्यासाठी, म्हणजे त्याहून कमजोर हातांनी कॉल करावा म्हणून, खेळावेत. शिवाय भरलेली रेंज चुकीची असेल तर उत्तरही चुकीचेच मिळते, आणि ही रेंज ठरवण्याचे कष्ट साधन आपल्यावरच सोडते. मांडणी इंग्रजीत असल्याने नवशिक्याला पहिले काही दिवस सोबतीची गरज पडेल.

निर्मात्याने ऑक्टोबर 2023 मध्ये याचा पुढील विकास थांबवल्याचे जाहीर केले आहे, तेव्हा नव्या सोयींची अपेक्षा ठेवू नये. रिव्हरच्या अभ्यासाला आज आहे तेवढे पुरते. ज्याला हातांची क्रमवारी आणि पॉटचे प्रमाण कळते, त्याने एका बैठकीतला वादाचा एकच डाव यात भरून पाहावा, आधी स्वतःचे उत्तर कागदावर लिहावे आणि मगच सॉल्व्हर चालवावा.