नंबिओचा आकडा आणि आपला खर्च

लॅपटॉप घेऊन स्वस्त देशात राहायचं आणि तिथून दूरस्थ काम करायचं ठरवलं की बहुतेकांची पहिली फेरी नंबिओवर होते. २००९ साली म्लादेन अदामोविच या सॉफ्टवेअर इंजिनिअरने सुरू केलेली ही साइट फुकट आहे, खातं न उघडता चालते आणि बहुतेक मोठ्या शहरांचे भाव एका पानावर देते. देशांची यादी वीसवरून पाचवर आणायला याहून सोयीचं साधन नाही. त्या पाचांतला एक निवडायला मात्र ते अपुरं पडतं. कारण इथले भाव त्या शहरात घर करून राहणाऱ्या माणसाचे आहेत, तीन महिन्यांसाठी येणाऱ्याचे नाहीत.

आधी निर्देशांकाबद्दल. न्यूयॉर्क म्हणजे १०० धरून बाकी शहरं मोजली जातात. कोष्टकात ठळकपणे दिसणारा राहणीमान खर्चाचा निर्देशांक घरभाडं वगळून काढलेला असतो, आणि फसगत इथूनच सुरू होते. भाडं धरलेला निर्देशांक त्याच कोष्टकात वेगळ्या रकान्यात आहे. क्रमवारी त्यावर लावा. शहराच्या पानावर वरती दिलेला एका माणसाचा मासिक खर्चही भाड्याशिवायचाच. त्याच कोष्टकातला स्थानिक क्रयशक्तीचा रकाना खुशाल सोडून द्या. तो तिथल्या पगारात तिथे किती घेता येतं हे सांगतो. पगार बाहेरून येत असेल तर त्याचा उपयोग नाही.

देशाची सरासरी तर पाहूच नये. लिस्बनचं भाडं आणि पोर्तुगालच्या आतल्या भागातलं भाडं एकत्र करून आलेल्या आकड्यात कुणीच राहत नाही. थेट शहराचं पान उघडा आणि सगळ्यात आधी तळाशी जा. किती जणांनी किती नोंदी केल्या आणि पान शेवटचं कधी अद्ययावत झालं, हे तिथे लिहिलेलं असतं. मूठभर लोकांच्या नोंदी असलेल्या छोट्या शहराचे आकडे ऐकीव माहितीइतकेच धरावेत. वेडेवाकडे आकडे गाळण्याची पद्धत साइटकडे आहे, पण गाळायलाही आधी पुरेशा नोंदी लागतात.

भाड्याच्या ओळीत शहराच्या मध्यभागी एका बेडरूमचं घर आणि मध्यभागाबाहेरचं घर असे दोन आकडे असतात. सरासरीशेजारी किमान-कमाल पल्लाही असतो. सामानासकट, कमी मुदतीचं घर हवं असेल तर सरासरीकडे न बघता पल्ल्याचं वरचं टोक धरा. तेही कमी पडू शकतं, कारण वर्षाच्या करारावर मिळणारा दर तीन महिन्यांसाठी कुणी देत नाही. दलालीचा हिशेब तर लोक हमखास विसरतात. एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून गेलं आणि मुक्काम तीनच महिन्यांचा असला, तर भाडं एक तृतीयांशाने वाढलं असं समजायचं. अनामत परत मिळते, पण तेवढे पैसे मुक्कामभर अडकतात.

वीज, पाणी, हीटिंग यांचा आकडा ८५ चौरस मीटरच्या घराचा आहे. एकट्याच्या खोलीला तो जास्त वाटेल, पण तो अर्धा करून मोकळं होऊ नका. बँकॉकमध्ये दिवसभर एसी लावून घरूनच काम करणारा आणि सकाळी ऑफिसला जाणारा स्थानिक माणूस यांचं बिल सारखं येत नाही. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी, तिथल्या हिवाळ्यात हीटिंगचं तेच होतं. इंटरनेटच्या ओळीत फक्त महिन्याचा दर कळतो. अपलोडचा वेग आणि वीज जाते की नाही हे घरमालकाला विचारावं लागतं. वेगचाचणीचा स्क्रीनशॉट मागितला तर त्यात गैर काही नाही. आरोग्यविमा, को-वर्किंगची जागा, व्हिसा आणि विमानाची तिकिटं यांचे आकडे तुम्हाला स्वतः मिळवावे लागतील.

साइट भावांच्या मागे राहते, हा दोष सगळ्यात महागात पडतो. २०२२ मध्ये रशियातून मोठ्या संख्येने लोक जॉर्जियात आले आणि तिबिलिसीची भाडी काही महिन्यांत कुठल्या कुठे गेली. कित्येक महिन्यांच्या नोंदींवर काढलेली सरासरी अशी उडी लगेच दाखवू शकत नाही. अर्जेंटिनात वर्षानुवर्षं डॉलरचे अधिकृत आणि समांतर असे दोन दर होते, त्यामुळे डॉलरमध्ये बदललेला आकडा कोणत्या दराने बदलला यावरच देश स्वस्त की महाग ते ठरायचं. डिसेंबर २०२३ च्या अवमूल्यनानंतर पेसोतले भाव झपाट्याने वाढले आणि ‘स्वस्त ब्यूनोस आयर्स’ हा सल्ला शिळा झाला. म्हणून पान आधी स्थानिक चलनात वाचा, त्याच आठवड्यातल्या घरांच्या पाच-सहा जाहिराती स्थानिक साइटवर बघा आणि फरक मोठा असेल तर जाहिरातींवर विश्वास ठेवा.

नंबिओ ज्याला हातही लावत नाही तो खर्च म्हणजे दारातून आत जाण्याचा. थायलंडच्या डीटीव्ही या दूरस्थ काम करणाऱ्यांनाही मिळणाऱ्या व्हिसासाठी ५ लाख बाहतची शिल्लक दाखवावी लागते. व्हिसा पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं. शुल्क दूतावासानुसार बदलतं, पण १०,००० बाहत धरले आणि एकदाच सहा महिने राहिलात तर महिन्याला साधारण १,६६७ बाहत पडतात. दोन-तीनदा गेलात तर ही रक्कम किरकोळ होते. इंडोनेशियाच्या ई३३जी या दूरस्थ कामाच्या परवान्याला वर्षाला ६०,००० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. बालीत निम्म्या पैशांत भागत असलं तरी ही अट सुटत नाही. मलेशियाच्या दे रांताऊ या अशाच योजनेत वार्षिक उत्पन्नाची अट तंत्रज्ञान क्षेत्रातल्यांना २४,००० डॉलर आणि इतरांना ६०,००० अशी वेगवेगळी आहे. पोर्तुगालच्या डी८ या दूरस्थ कामाच्या व्हिसाला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट, तर कोलंबियाच्या तशाच व्हिसाला तिथल्या किमान वेतनाच्या तिप्पट उत्पन्न लागतं. या अटी बदलत राहतात, अर्जाच्या आठवड्यात दूतावासाचं पान पुन्हा वाचा.

पर्यटक म्हणून जाऊन काम करायचा बेत असेल तर अनेक देशांत तो बेकायदा ठरतो. शेंगेन देशांत, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा सगळ्या देशांना मिळून आहे, प्रत्येक देशाला वेगळी नाही. कराचंही असंच: बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवस, थायलंडमध्ये १८० दिवस राहिलं की माणूस करनिवासी, म्हणजे करासाठी तिथला रहिवासी, ठरतो, आणि तिथे १ जानेवारी २०२४ पासून परदेशात कमावून देशात आणलेली रक्कम करनिवाशाला करपात्र होऊ शकते.

पर्याय म्हणून पीटर लेव्हल्सची नोमॅड लिस्ट (आता नोमॅड्स डॉट कॉम) ही देशोदेशी फिरत काम करणाऱ्यांसाठीची साइट आहे. तिथे पाहुण्याचा खर्च आणि स्थानिकाचा खर्च वेगळे दाखवतात, ते आपल्या कामाच्या जास्त जवळचं. पण पूर्ण वापरायला सदस्यत्वाचे पैसे भरावे लागतात. यादी नंबिओवर गाळून उरलेल्या दोन-तीन शहरांपुरतीच ती घेतली तर परवडते.