वकिली कार्यालयातील ज्ञानव्यवस्थापन : आधी कोणते काम हाती घ्यावे?

रत्नागिरी, चिपळूण किंवा कणकवलीतील एखाद्या कार्यालयात एक ज्येष्ठ वकील, दोन-तीन ज्युनिअर आणि एक कारकून एवढाच परिवार असेल, तर ज्ञानव्यवस्थापनासाठी, म्हणजे कार्यालयातील माहिती व अनुभव हवे तेव्हा सापडेल असे ठेवण्यासाठी, वेळ आणि पैसा दोन्ही बेताचेच असतात. अशा वेळी चार कामे समोर दिसतात : न्यायनिर्णयांच्या सशुल्क संग्रहाचे सदस्यत्व घेणे, मसुद्यांचा संग्रह करणे, जुनी बाडे (प्रकरणांच्या कागदपत्रांचे गठ्ठे) स्कॅन करणे आणि आजवर चालवलेल्या प्रकरणांची सूची तयार करणे. पैसे भरले की लगेच हाती पडते, म्हणून पहिल्या कामाकडे ओढा अधिक असतो. माझ्या मते, जमिनीचे दावे आणि महसुली अपिले हेच ज्यांचे मुख्य काम आहे, त्यांनी सूचीपासून सुरुवात करावी आणि सदस्यत्व शेवटी घ्यावे.

याचे कारण एका नेहमीच्या दाव्यावरून स्पष्ट होते. गणपतीला गावी आलेली बहीण वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागते आणि भाऊ वाटप पूर्वीच झाल्याचे सांगतो. मुलीचा हक्क जन्मतःच आहे, हा ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय कोणालाही विनामूल्य वाचता येतो. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल आणि उच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळांवर खुले आहेत. परंतु या घराण्यात २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटपपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा झाला होता काय (कारण त्या तारखेपूर्वीचे असे वाटप कायदा कायम ठेवतो), याचे उत्तर कोणत्याही विकतच्या संग्रहात मिळत नाही. ते पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच कार्यालयाने चालवलेल्या चुलत्याच्या दाव्याच्या बाडात असू शकते, आणि त्या बाडाची आठवण केवळ ज्येष्ठ वकिलांना किंवा जुन्या कारकुनाला असते. कुळांच्या प्रकरणांतही हेच घडते. दिवाणी दाव्यात कुळाचा मुद्दा निघाला की १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ८५अ प्रमाणे तो महसुली अधिकाऱ्याकडे निर्णयासाठी पाठवावा लागतो, आणि तेथे त्या गावातील कलम ३२ग चे (कुळाच्या जमीनखरेदीची किंमत ठरवणारे) जुने निर्णय, ३२म ची खरेदी-प्रमाणपत्रे आणि फेरफार कामाला येतात.

सूचीला वेगळी संगणक प्रणाली लागत नाही, साधा एक्सेलचा तक्ता पुरतो. मात्र तिची मांडणी अशिलाच्या नावावर न करता गावावर करावी, कारण नावे आणि पत्ते बदलतात, जमीन जागेवरच राहते. एका ओळीत गाव, तालुका, जुना सर्व्हे व हिस्सा नंबर, गट पडला असल्यास नवा नंबर, घराण्याचा मूळ पुरुष, दोन्ही बाजूंचे पक्षकार, न्यायालय व दावा क्रमांक, निकालाचा सारांश आणि बाड कोणत्या कपाटात आहे, एवढे आले म्हणजे पुरे. या सूचीचा आणखी एक लाभ मला फार मोलाचा वाटतो. ज्या प्रकरणात आपण एका पक्षाला सल्ला दिला किंवा त्याचे काम केले, त्यात विरुद्ध पक्षाचे वकीलपत्र घेण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम मनाई करतो. भाऊबंदकीचे वाद दोन-तीन पिढ्या चालणाऱ्या आपल्या भागात, पूर्वी आपण कोणाच्या बाजूने उभे होतो हे वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीच कळणे, हा अशिलाच्या विश्वासाचा प्रश्न आहे.

मसुद्यांचा संग्रह दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. ज्युनिअरचा वेळ त्याने सर्वांत लवकर वाचतो, पण तो सतत दुरुस्त ठेवावा लागतो. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर अटकपूर्व जामिनाचे कलम ४३८ ऐवजी ४८२ झाले, आणि उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे पूर्वीचे कलम ४८२ आता ५२८ झाले आहे. जुन्या नमुन्यावरून घाईत केलेल्या अर्जात एकाच आकड्याचे दोन अर्थ घोटाळा करू शकतात. त्यामुळे प्रत्येक नमुन्यावर तो शेवटचा कधी तपासला आणि कोणी, हे लिहिलेले असावे. ज्यावर ही नोंद नाही, तो नमुना संग्रहात ठेवूच नये.

स्कॅनिंगचे महत्त्व २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये वेगळे सांगण्याची गरज उरलेली नाही. तरीही सूचीआधी सरसकट स्कॅनिंग केल्यास नावगाव नसलेल्या शेकडो फायली तयार होतात आणि शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय स्कॅन म्हणजे मूळ दस्त नव्हे, म्हणून मूळ खरेदीखते, मृत्युपत्रे आणि प्रमाणित नकला उंचावरच्या कपाटात हलवणे, हे बिनखर्चाचे काम आजच उरकावे. त्यानंतर चालू अपिलांची बाडे आधी स्कॅन करावीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणे तिकडे जातात. तेथील वकिलांना संपूर्ण बाड त्याच दिवशी पाठवता येणे हा उघड फायदा आहे. रायगडची प्रकरणे पूर्वीप्रमाणे मुंबईलाच जातात, तेथेही हा उपयोग आहेच.

कार्यालयाचे काम प्रामुख्याने धनादेश न वटल्याच्या तक्रारींचे असेल, तर मात्र हा क्रम बदलावा. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे देण्यास १५ दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार, या मुदतींत सारे काम बसवायचे असल्याने तेथे मसुदे आणि तारखांची डायरी आधी येते, आणि गावनिहाय सूची मागे ठेवली तरी चालते. सशुल्क संग्रह मात्र अपिलाचे आणि लवादाचे काम नियमित येऊ लागल्यावरच घ्यावा.