शिडाच्या बोटीवर लिथियम बॅटरी: एका मोसमाच्या वापरानंतर

मुंबई बंदरात नांगरलेल्या आमच्या 30 फुटी बोटीची विजेची जोडणी गेल्या मोसमाआधी नव्याने केली. कोणती बॅटरी घ्यावी हे ठरवण्याआधी दिवसाला किती वीज लागते, याचा हिशेब मांडला. फ्रिजचा कॉम्प्रेसर 4 अँपिअर घेतो आणि इथल्या उकाड्यात निम्म्याहून अधिक वेळ चालतो. ऑटोपायलट, प्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा) व दिवे धरून दिवसाचा खर्च 90 अँपिअर-अवरच्या आसपास जातो. जुन्या 200 अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड संचातून, त्याचे आयुष्य न घटवता, निम्मीच वीज काढता येई. तेवढ्याच क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेट संचातून 80 टक्के सहज मिळते, आणि वजनही निम्म्याहून कमी आहे.

खरी काळजी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची होती. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढून घेते, त्यामुळे इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटर तापतो; शिवाय चार्जिंग चालू असताना बॅटरीतील बीएमएसने (बॅटरीचे रक्षण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने) अचानक जोडणी तोडली, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरमधले डायोड जळू शकतात. म्हणून अल्टरनेटर इंजिनच्या लेड-ॲसिड बॅटरीलाच जोडलेला ठेवला आणि तिथून 30 अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरमार्फत लिथियमला वीज दिली. माझ्या मते या कामातला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च हाच.

त्याखालोखाल वायरिंग. बॅटरीवर 13.2 व्होल्ट असताना फ्रिजपाशी मल्टिमीटर 12.6 दाखवी, कारण जाऊन-येऊन 16 मीटरची वायर केवळ 2.5 चौरस मिलिमीटरची होती. कलई केलेल्या तांब्याची 6 चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर ही घट पाव व्होल्टच्या आत आली. खाऱ्या हवेत साधे तांबे इन्सुलेशनच्या आतून काळे पडते, त्यामुळे इथे काटकसर नको.

बॅटरीत आलेली-गेलेली वीज मोजणारा शंट मात्र हवाच, कारण लिथियमचे व्होल्टेज बराच वेळ जवळपास स्थिर राहते आणि त्यावरून शिल्लक ओळखता येत नाही.

तक्रार एकच: इंजिनच्या कप्प्यातला डीसी-डीसी चार्जर दुपारी तापून स्वतःच करंट कमी करतो. त्याला हवेशीर जागा शोधत आहोत. बॅटऱ्या त्या कप्प्याबाहेर आहेत हे बरेच झाले; शून्याखालच्या चार्जिंगची चिंता मुंबईत कोणाला नाही, पण चार्जिंगची 45 अंशांची वरची मर्यादा इथे दूर नसते. पावसाळ्यात बोट वर काढली की त्या निम्म्या भरून, दोन्ही केबल सोडवून ठेवायच्या आहेत.