बंद गाडीत दाब कसला? डीपीएफवाल्या व्हॅनबरोबर १४ महिने

मध्यंतरी गाडीतला डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा, दिवा पुन्हा लागला, म्हणून लिहायला बसलोय. नाहीतर पीठ दळायचं सोडून एवढं टाइप कोण करतंय.

गाडी २०२० ची. बीएस सिक्स लागू झाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतली डिझेल, बंद बॉडी. मी सेकंड हँड घेतली तेव्हा मीटर ९१ हजारांवर होतं. इंजिन, क्लच, पाटे यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. ४०० किलो इडली-डोशाचं पीठ भरून धायरीचा चढ कुरकुर न करता चढते. संपलं कौतुक. आता दिवा.

सायलेन्सरचं चित्र, आत ठिपके, रंग पिवळा. पहिल्यांदा लागला तेव्हा सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावून उभ्या उभ्या काजळी जाळली, पाऊण तास गाडी बोंबलत होती, बिल ३,८०० रुपये. सव्वा महिन्याने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पद्मावतीच्या चौकात गाडीने दमच सोडला. अॅक्सिलरेटर तळाला टेकला तरी ढिम्म हलेना, मागे पीएमटीवाला हॉर्नवर झोपलेला. आत पीठ फुगतंय. ज्यांचा हा धंदा नाही त्यांना सांगतो, आंबवलेलं पीठ गाडीची वाट बघत नाही. झाकणं उडायला लागतात.

अॅडव्हायझर म्हणाला, "सर, डीपीएफ गेलाय. बदलावा लागेल." आकडा १ लाख १८ हजार. मी म्हटलं, जळत का नाही काजळी? तर म्हणे, "तुम्ही गाडी चालवतच नाही, सर." २८ दुकानं करते रोज! यावर तो हसला. तेव्हा त्याचा फार राग आला होता. पुढे वाचा.

कात्रजला एकाने सांगितलं, जाळी पोकळ करून मॅप मारतो, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलतो, १८ हजारांत कटकट मिटवा. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. बायको म्हणाली, "खायच्या पिठाची गाडी, मागून धूर सोडत दुकानासमोर उभी करणार का?" कायद्याने असा बदल चालत नाही हे मला माहीत होतं, पण खरं सांगायचं तर थांबलो ते त्या वाक्यामुळे.

मग ११०० रुपयांचं ओबीडी डोंगल घेतलं, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं. या पूर्ण १४ महिन्यांतला हा एकमेव शहाणपणा. चावी फिरवली, इंजिन बंद ठेवलं, मोबाइलवर डीपीएफचा दाब पाहिला. ३४! अहो, बंद गाडीत दाब कसला? तिथे शून्याच्या जवळपास काहीतरी हवं. म्हणजे जाळीच्या पुढचा-मागचा दाब मोजणारा सेन्सरच बिघडलेला. थर्मामीटर झटकून टेबलावर ठेवला आणि तरी तो १०२ दाखवतोय, तसं. सेन्सर २,९०० रुपये. त्याच्या एका रबरी नळीत काळा चिखल साचला होता, तीही बदलली. १ लाख १८ हजार कुठे आणि हे कुठे. महिनाभर जो भेटेल त्याला ही गोष्ट ऐकवली.

चार महिने शांतता. मग मध्यंतरी दिवा लागला आणि या वेळी दिवा खरं बोलत होता. बंद इंजिनला दाब शून्य, काजळी ८६ टक्के.

डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. कमी झालेलं ऑइल कळतं, पण वाढलेलं? वास घेतला, डिझेल. काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. काम अर्धवट राहिलं की त्यातलं काही खाली ऑइलमध्ये उतरतं. फुगलेलं पीठ विकता येतं, फुगलेलं ऑइल इंजिनाला खातं. बदललं, लो-अॅश वालंच घातलं. साध्या ऑइलची राख जाळीत बसते आणि गाडी कितीही पळवा, ती जळत नाही.

मामांना, म्हणजे आमच्या ड्रायव्हरना, विचारलं, मध्येच आयडलिंग वाढतं का, पंखा जोरात फिरतो का? "रोजच की. मग मी बंद करतो, उगाच डिझेल जातं." घ्या! म्हणजे गाडी काजळी जाळायला घेते तेव्हाच मामा माझे पैसे वाचवत होते. आणि जिथे खरंच वाचवायचे, तिथे चहाच्या टपरीवर एसी लावून वीस-वीस मिनिटं चालू ठेवत होते. त्यांना काय बोलणार? काटकसर शिकवली कुणी?

तर तो अॅडव्हायझर अर्धा बरोबर होता. २२ किलोमीटरमध्ये २८ वेळा थांबणं म्हणजे चालवणं नव्हे, जाळी तापतच नाही. पण माझा मुख्य राग तसाच आहे. ८६ टक्के हा आकडा गाडीला माहीत असतो. डिझेलचा काटा देता, तापमानाचा देता, सीटबेल्ट नाही लावला तर कान किटेपर्यंत ओरडता, मग काजळीचा आकडा का लपवता? ५० टक्क्यांवर कळलं असतं तर रविवारी एक चक्कर मारली असती. दिवा म्हणजे परीक्षा झाल्यावर मिळालेली प्रश्नपत्रिका. या एका गोष्टीसाठी पाचातले दोन स्टार कापतोय आणि परत देणार नाही.

सध्या दर गुरुवारी पहाटे मी स्वतः नवले पुलावरून खेड शिवापूरच्या दिशेने काढतो, चौथ्या गिअरमध्ये, साठच्या पुढे. टोलनाक्याच्या अलीकडून वळतो, टोल कोण भरणार. मोबाइलवर टक्के उतरताना बघायला बरं वाटतं, ८६ चे २१ झाले. घरी आल्यावर बॉनेटजवळ तव्यासारखी धग. दोन लिटर डिझेल जातं. बायको वहीत 'भट्टी' म्हणून लिहिते.

मागच्या फेरीत वेळूजवळच्या एका हॉटेलवाल्याला नमुना दिला. या गुरुवारपासून वीस किलो पीठ सांगितलंय त्याने. भाव दोन रुपये कमी लावलाय, पण पोच आम्ही देतो म्हटलं.