जुनी जिप्सी किंग: पावसाळा, हिवाळा, उन्हाळा बघून झाल्यावर

गाडी मारुती जिप्सी किंग, २००५ चं एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवालं) मॉडेल, सॉफ्ट टॉप, पेट्रोल, पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही. पाऊस पडायच्या आधी घेतली होती आणि आता पुढचा मे संपत आलाय, त्यामुळे जे लिहितोय ते वापरून लिहितोय.

नाशकात जिप्सी घेतली म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, थार का नाही घेतली? तिचा कारखाना इथे सातपूरला, मेकॅनिक गल्लोगल्ली. प्रश्न रास्तच आहे. पण आम्ही देवळाली कॅम्पकडची माणसं, तोफखान्याच्या हिरव्या जिप्स्या येता-जाता बघतच मोठे झालो, आणि दुसरं खरं कारण म्हणजे वजन. सॉफ्ट टॉप जिप्सी जेमतेम हजार किलोच्या आसपास भरते. हरसूल-निरगुडपाड्याकडच्या लाल चिखलात जड गाडी जिथे बसते तिथून ही निघून जाते, हे मी एका पावसाळ्यात इतक्यांदा बघितलंय की त्यावर आता वाद घालायची इच्छाच राहिली नाही.

कोणी घ्यायचा विचार करत असेल तर मॉडेलचा फरक समजून घ्या. १९८५ ला आली ती ९७० सीसीची, १९९६ ला किंग आली १२९८ सीसी कार्ब्युरेटरवाली, आणि २००० पासून तेच १२९८ सीसी पण १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय, ८० बीएचपी. मी मुद्दाम एमपीएफआयच शोधली, कारण हे इंजिन एस्टीमच्या घराण्यातलं, बरेच पार्ट अजून मिळतात, आणि थंडीत सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते.

आता मुख्य विषय. हलणं. जिप्सीवाल्यांना लगेच कळेल. त्र्यंबक रोडला साठच्या आसपास गाडी चाललीये, रस्त्यावर एखादा पॅच किंवा पुलाचा जोड लागला की स्टिअरिंग दोन्ही हातांत थडथड उडायला लागतं, आख्खं पुढचं टोक डावीउजवीकडे नाचतं आणि वेग पार खाली आणल्याशिवाय थांबत नाही. मागे बसलेल्या माणसाला वाटतं चाकच निघालं. आधीच्या मालकाची बिलं गाडीसोबत मिळाली होती त्यात अलाइनमेंट आहे, बॅलन्सिंग आहे, परत अलाइनमेंट आहे, नवीन स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा) आहे, थोड्या महिन्यांनी परत एक डॅम्पर आहे. डॅम्पर नवा असेपर्यंत थरथर दाबून धरतो, आणि मग खराबी तिथल्या तिथेच असल्याने तो बिचारा मरतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, डॅम्पर सगळ्यात शेवटी. आधी टायरची हवा, बॅलन्सिंग, मग टाय रॉड एंड (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे सांधे), मग किंगपिन बेअरिंग (ज्यांवर चाक डावीउजवीकडे वळतं ती), मग पाट्यांचे (म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चासिसला जोडणारी कडी), हे सगळं बघून झाल्यावरच डॅम्परला हात लावायचा.

सातपूरला एक चाचा आहेत, फक्त जुन्या फोर बाय फोरच करतात. त्यांनी जे केलं ते नीट सांगतो कारण घरी कोणालाही करता येईल. पुढचं चाक जॅकवर घेतलं, चाकाला वर आणि खाली हात लावून हलवलं, खुटखुट लागली. मग मला म्हणाले, "ब्रेक दाबून धर." ब्रेक दाबला की हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि नकल (हबला धरून वळणारा भाग) एक होऊन जातात, म्हणजे खुटखुट थांबली तर व्हील बेअरिंग गेलंय, आणि ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिन. आमची राहिली. मग त्यांनी टाय रॉड सोडवला आणि नकलला साधा स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून ओढला. चांगल्या गाडीत नकल थोडं ताकद मागतं, आमचं जवळजवळ नुसत्या बोटाने फिरत होतं. उघडल्यावर चारही किंगपिन बेअरिंगच्या रेसवर (रोलर ज्यावर फिरतात त्या कडीवर) रोलरचे ओळीने खड्डे पडलेले, सरळ चालताना रोलर जिथे बसतात बरोब्बर तिथेच, बोट फिरवलं तर नखाला लागत होते. चारही बेअरिंग बदलले, शिम (पातळ चकत्या) कमीजास्त करून काट्यावर ओढ परत आणली, नकलचे सील बदलले आणि आतलं जुनं ग्रीस, ज्यात पाणी गेलेलं होतं, ते सगळं काढून नवीन भरलं.

तरी थोडी थरथर उरलीच. चाचांनी पुढचे शॅकल दाखवले. कोणीतरी गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल टाकलेले. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक चासिसपासून खाली जातं, त्याबरोबर आख्खा एक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे ज्या कोनामुळे हँडल सोडलं तरी चाक आपोआप सरळ येतं तो. तोच कमी झाल्यावर चाकाला सरळ राहायचं कारणच उरत नाही. ओरिजनल मापाचे शॅकल नि नवीन बुश टाकले. त्यानंतर आजपर्यंत एकदाही हलली नाही, महामार्गावर ऐंशीला पण नाही, आणि डॅम्पर अजून जुनाच आहे.

उंचीची भूक भागवायची तर पाट्यांना कमान मारून घ्या. आडगावच्या ट्रक टर्मिनलकडे पाटेवाले बसतात, त्यांनी आमच्या बसलेल्या पाट्यांना परत कमान मारून दिली आणि तुटलेला एक पाटा बदलला. गाडी जेवढी असायला हवी तेवढी उंच झाली. एक्सलच्या वर पाटे घ्यायचा जो प्रकार चालतो, तो दिसायला भारी असतो पण प्रॉपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरपी होऊन प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग ओढतं, मग ते सुधारायला अजून पार्ट. रोज चालवायच्या गाडीला हे करू नका असं मी मनापासून सांगतो.

दुसरी भानगड पेट्रोल पिण्याची. सुरुवातीला लिटरला सात-साडेसात किलोमीटर द्यायची. एका गॅरेजवाल्याने सेन्सर सांगितला, दुसऱ्याने थेट ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदला म्हणून सांगितलं. थंडीत पहिनेच्या घाटाने गेलो तेव्हा लक्षात आलं की टेम्परेचरचा काटा वर यायलाच तयार नाही, तासभर चालवून पण नाही. हाउसिंग उघडलं तर थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नव्हता, कोणीतरी काढून टाकलेला. आपल्याकडे गाडी गरम झाली की पहिला उपाय हाच, थर्मोस्टॅट काढ. पण एमपीएफआय गाडीत इंजिन गरम झालंच नाही तर ईसीएमला वाटतं अजून थंड आहे आणि ते पेट्रोल जास्त सोडत राहतं. म्हणजे गरम व्हायचा आजार दाबला आणि पेट्रोलचा आजार घेतला, शिवाय मूळ आजार तसाच. नवीन थर्मोस्टॅट टाकल्यावर एप्रिलमध्ये कसारा घाटात काटा चढलाच. मग रेडिएटर उतरवला, टाक्या उघडल्या तर निम्म्या नळ्या क्षाराने बंद, बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरल्याचा परिणाम. रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घेतलं, कूलंट भरलं, फॅन क्लच ढिला होता तो बदलला. आता हायवेला दहाच्या आसपास देते, गावात आणि कच्च्यावर आठ. जिप्सीकडून याच्यापेक्षा जास्त मागू नये.

पावसाळ्यात सेल्फ ओढायचा बंद झाला. बॅटरी नवीनच होती. इथे मल्टिमीटर फार उपयोगी पडतो, बॅटरीच्या निगेटिव्हवर एक प्रोब, इंजिनच्या उघड्या लोखंडावर दुसरा, आणि सेल्फ मारताना व्होल्टेज बघायचं. अर्थिंग धड असेल तर ०.२-०.३ व्होल्टच्या वर जायला नको. आमचं एकच्या पुढे गेलं. इंजिन ते चासिसची अर्थिंगची पट्टी गंजून नुसती नावाला लटकत होती. पट्टी बदलली, खालचं लोखंड पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासलं, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. सेल्फही सुधारला आणि हेडलाईटही. हेडलाईटला तेव्हाच रिले टाकून घेतला, बॅटरीवरून डायरेक्ट लाईन, त्यामुळे स्विचवरचा लोड गेला आणि साध्या बल्बवरच सावळ घाटातल्या धुक्यात पुरेसा उजेड पडतो. पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या धुक्यात उलट डोळ्यावर येतात.

चिखल-पाण्याचं आता. जिप्सीला पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब असतात, दोन्ही लॉक केल्याशिवाय आतून लिव्हर कितीही ओढा, पुढच्या चाकांना ताकद जात नाही. जुन्या गाडीत हे हब वाळलेल्या ग्रीसने घट्ट होतात आणि नेमके चिखलात उभं राहून पकडीने फिरवायची वेळ येते. पावसाळ्याआधी उघडून रॉकेलने धुवा, हलकं ग्रीस लावा, बस्स. आणि कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकू नका, मध्ये डिफरन्शिअल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नाही, वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि तो ताण सगळा गिअरांवर आणि शाफ्टवर येतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं मॉडिफिकेशन कुठलं विचाराल तर ब्रीदरची नळी. ब्रीदर म्हणजे एक्सलमध्ये हवा आत-बाहेर व्हायला ठेवलेलं छोटं तोंड. तापलेला डिफरन्शिअल ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, ब्रीदर चिखलाने बंद असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पहिल्या पावसातच मागच्या डिफरन्शिअलचा ड्रेन बोल्ट सोडला तर ताकासारखं पांढरट ऑइल बाहेर आलं. ऑइल बदललं आणि दोन्ही एक्सलच्या ब्रीदरला ऑइल चालेल अशी रबरी नळी जोडून पुढची बॉनेटमध्ये वर, मागची टेललाईटच्या मागे वर नेऊन बांधली. खर्च किरकोळ. त्यानंतर आख्ख्या पावसाळ्यात ऑइल स्वच्छ. तरी वैतरणेकडे ओढे फुगलेले असताना पाण्यात घालायची गाडी नाही ही, पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसलं की मी परत फिरतो. आणि भाताच्या खाचरांत, बांधांवर गाडी घालणारे लोक बघून खरंच राग येतो, ती कोणाची तरी वर्षाची भाकरी असते.

टायर २०५/७० आर १५ चे काढून २१५/७५ आर १५ ऑल टेरेन टाकले. बाहेरचा व्यास साधारण पाच टक्के वाढतो, म्हणजे मीटरवर साठ दिसतात तेव्हा गाडी त्रेसष्टला असते, ॲव्हरेज काढतानाही तेवढं धरायचं. गाडी हलकी असल्याने डांबरावर २६ हवा ठेवतो, चिखलात १८. एवढ्या साइजला कुठे घासत नाही, याच्या पुढे गेलात तर पहिल्या गिअरला चढावर दम लागतो आणि परत बेअरिंगांवर लोड. पुढचा लोखंडी बुल बार उतरवून टाकला. पुढच्या एक्सलच्या पुढे उगाच वजन, आणि २०१७ च्या डिसेंबरला केंद्राने असल्या गार्डवर कारवाईचं पत्र राज्यांना काढलेलंच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचा, आरसीवर जे लिहिलंय त्यात परवानगीशिवाय बदल चालत नाही. जुन्या गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी री-पासिंगला पेठ रोडला जावंच लागतं, ग्रीन टॅक्स भरावा लागतो, तिथे गाडी जितकी ओरिजनल तितकं काम सोपं जातं. म्हणूनच मी हार्ड टॉपच्या नादाला लागलो नाही.

गंज. घेताना मॅट उचला, दोन्ही बाजूंची फ्लोअर स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, काचेच्या फ्रेमचा खालचा कोपरा बघा, मागच्या चाकांच्या कमानी आतून हाताने चाचपा. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली फायबर आणि लांबी भरून वर काळा रंग मारलेला होता, टोचलं तर आरपार. तेवढा तुकडा कापून नवीन पत्रा वेल्ड केला, रेड ऑक्साइड, मग रंग. डांबरासारखं जाड कोटिंग गंजलेल्या पत्र्यावर मारून घेऊ नका, आत पाणी अडकतं आणि बाहेरून सगळं छान दिसत राहतं. सॉफ्ट टॉप पावसात गळतोच, म्हणून मॅटच्या खालचा फोम काढूनच टाकलाय, ओल धरत नाही.

एवढं करून गाडीला किती लागले? पार्टचे पैसे फार नाहीत, मजुरीचे आणि वाट बघण्याचे जास्त. २०१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकाला जिप्सी मिळणं बंद झालं, तेव्हापासून किंगपिन बेअरिंग, नकल सील, हबचे पार्ट दिसले की घेऊन ठेवायचे.

राहिलेलं काम एकच, ट्रान्स्फर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचे) रबर माउंट. जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मध्ये छोटा शाफ्ट असतो आणि केस तीन रबरांवर लटकतो. आमचे रबर दबलेत, फोर-लोमध्ये (फोर बाय फोरचा हळू पण जास्त ताकदीचा गिअर) चढावर ॲक्सिलरेटर सोडला की खालून धप्प आवाज येतो. रबर आणून ठेवलेत, चाचा म्हणाले पाऊस लागायच्या आधी टाकून देतो, केस खाली उतरेल तेव्हाच त्याचे ऑइल सीलही बदलून घेणार.