भेकासाठी दोन फुटी फिश टँक: काच घ्या, बाकीचा सेट नको

भेक म्हणजे खडबडीत कातडीचा, जमिनीवर राहणारा बेडूक. कोल्हापुरात माशांच्या दुकानात जाऊन 'भेक ठेवायचाय' म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच माल पुढे येतो. २४ × १२ × १५ इंची काचेची टाकी, वर प्लॅस्टिकचा हूड, त्यात एलईडी, सोबत रंगीत खडे, छोटा फिल्टर, प्लॅस्टिकची झाडं आणि मागे चिकटवायला समुद्राचं पोस्टर. माशांना हे चालतं. भेकासाठी मात्र नुसत्या काचेला पाचपैकी चार गुण आणि उरलेल्या सगळ्याला मिळून जेमतेम एक. नुसती टाकी मागा. दुकानदार थोडा नाराज होईल, पण देतो.

आधी एक अडचणीची गोष्ट. रंकाळ्याकाठचा किंवा अंगणातला भेक उचलून टाकीत घालायचा बेत असेल तर पहिली फेरी वन विभागाच्या कार्यालयात मारा. कोणता प्राणी घरात ठेवता येतो ते वन्यजीव कायदा ठरवतो, दुकानदार नाही. आंबोलीच्या भेकाला तर हातही लावू नका. तो आंबोली परिसरातच सापडतो आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

आता काच. एका मोठ्या भेकाला दोन फूट बाय एक फूट तळ पुरतो, दोघांना कमी पडतो. टाकी नवी असेल तर सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत ती उघडी ठेवा. कडा घासल्या आहेत का ते बोटाने नको, वर्तमानपत्राचा तुकडा फिरवून बघा. कागद अडकला की तिथे धार आहे. भेकाला काच कळत नाही, तो पलीकडे जायला तासन् तास नाक घासत राहतो आणि नाकाचा शेंडा सोलून निघतो. त्यासाठी समुद्राचं पोस्टर कामाला येतं. उलटं करून, पांढरी बाजू आत ठेवून तीन बाजूंना चिकटवा. सेटमधली ही एवढीच वस्तू वाया जात नाही.

हूड कोंदट करतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेत आधीच ओल असते, त्यात वरून झाकण बंद म्हणजे तळाला पसरायच्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) पांढरी बुरशी ठरलेली. खिडक्यांच्या जाळीचं काम करणाऱ्याकडून अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची चौकट आणि अ‍ॅल्युमिनियमचीच जाळी करून घ्या. नायलॉन स्वस्त पडतं, पण खाऊ म्हणून सोडलेले रातकिडे ते कुरतडून रात्रीत घरभर होतात. चार कोपऱ्यांना कागद अडकवायच्या क्लिपा लावा.

रंगीत खडे सरळ परत करा. भेक किड्यावर जीभ मारतो तेव्हा खडाही आत जातो आणि आतड्यात अडकतो. त्याऐवजी रोपवाटिकेतली ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट घ्या. एक फुगून साधारण आठ-नऊ लिटर होते, आणि या तळावर आठ सेंटिमीटरचा थर द्यायला चौदा लिटर तरी लागतात, म्हणजे दोन विटा. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून जुन्या सुती कापडात बांधून दोन-तीनदा धुवून पिळा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पाणी गळता कामा नये. वर अर्धी फुटलेली मातीची कुंडी पालथी ठेवली की झाली त्याची गुहा. एलईडीची गरज नाही, हा रात्रीचा प्राणी.

पाण्याबाबत हयगय नको. भेक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या त्वचेतून शोषतो, त्यामुळे पाण्यात जे असेल ते अंगात जातं. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं असो की बालिंगा उपसा केंद्राचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंच. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा किंवा दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारी बाटली लेबलवरच्या मापाने वापरा. माशांसाठी मिळणारं निळं औषध (मेथिलीन ब्लू) मात्र नको. भांडं पसरट हवं, खोली दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे बसल्यावर पाणी खांद्याखाली राहील. पाणी रोज बदलायचं, कारण भेक नेमका त्यातच घाण करतो. मांड्यांची आतली बाजू किंवा पोट लाल दिसू लागलं तर तो जंतुसंसर्ग समजा. लगेच पशुवैद्याकडे न्या.

दुकानदार माशांचे दाणे पुढे करेल. नको म्हणा. हलत नाही ते भेकाला खाणं वाटतच नाही. समोर रातकिडा सरकला की तो आधी मान वळवतो, मागच्या पायाचं बोट थरथरतं, मग जीभ. गिळताना डोळे आत ओढले जातात, कारण डोळ्यांचे गोळेच घास मागे ढकलायला मदत करतात. आठवड्यातून तीनदा चार-सहा किडे पुरे, आणि किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. अरोवाना माशासाठी मिळणारे मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) अधूनमधून द्या, रोज नाही. त्यांत कॅल्शियम कमी असतं. किडे पिशवीत घालून चिमूटभर कॅल्शियम पावडरमध्ये हलवून द्यावेत. नाहीतर हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. गांडूळखतातली लाल गांडुळं कडवट द्रव सोडतात, अनेक भेक ती थुंकतात. उसाच्या शेतातले किंवा पेस्ट कंट्रोल झालेल्या घरातले किडे मुळीच नकोत.

महिन्या-दीड महिन्यानं कोकोपीट पूर्ण बदला. मधे कधी भेक अंग वळवून तोंडात पांढुरकं कापड ओढतोय असं दिसलं तर घाबरू नका, तो स्वतःची कात खातोय.

चामखीळ भेकाला हात लावून होत नाही. विष मात्र खरं आहे, डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींत ते असतं. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, तोवर डोळे चोळू नका. घरात कुत्रं असेल तर जाळीच्या त्या क्लिपा रोज तपासा. कुत्र्यानं तोंड घातलंच तर त्याचं डोकं खाली करून ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसत राहा, पाणी घशाकडे जाऊ देऊ नका, आणि फेस थांबायची वाट न बघता दवाखाना गाठा.