दोन हंगाम वापरलेला प्री-ल्यूब पंप: ट्रॉलरमालकाचा अभिप्राय

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते आणि या काळात शाकारून ठेवलेल्या आमच्या ट्रॉलरच्या इंजिनातील बेअरिंगांवरचे तेल हळूहळू निथळून खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलकुंडात, उतरते. ऑगस्टमध्ये स्टार्टर मारल्यावर इंजिनाचा स्वतःचा पंप दाब निर्माण करेपर्यंत काही सेकंद जातात आणि तेवढ्यात क्रँकशाफ्ट बेअरिंगांवर जवळजवळ कोरडाच घासतो. म्हणून आम्ही इंजिन सुरू होण्याआधीच बेअरिंगांना तेल पोहोचवणारा २४ व्होल्टचा स्वतंत्र प्री-ल्यूब पंप बसवला.

कळ दाबली की तो संपमधील तेल खेचून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमार्गे (तेल उलटे फिरू न देणारी झडप) मुख्य तेलवाहिनीत ढकलतो. तेलदाबाच्या गेजचा काटा वर आल्यावरच तांडेल (नौकेचा प्रमुख) स्टार्टर मारतो. सुरुवातीचा खडखडाट स्पष्टपणे कमी झाला. बेअरिंगे किती वाचली, हे मात्र इंजिन उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. आयुष्य दुप्पट होईल, हे विक्रेत्याचे बोलणे मी तरी मनावर घेतले नाही.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. सोबत आलेले क्लॅम्प खाऱ्या हवेत पहिल्याच हंगामात गंजले आणि नळीच्या सांध्यातून तेल झिरपू लागले. स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प आम्ही पदरचे पैसे घालून बसवले.

रोज समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या इंजिनातील तेल निथळायला फारसा वेळच मिळत नाही, त्यामुळे तिला हा खर्च कितपत परवडेल, याची शंका वाटते. पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागणाऱ्या टू-स्ट्रोक आउटबोर्डला (नौकेच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन) तर याचा उपयोगच नाही.